तिजोरी घ्यावी, पण कोणती?

शिरूर म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पुणे जिल्ह्यातले, घोडनदीच्या काठचे शिरूर उभे राहते. मी ज्या शिरुरातून आपल्याशी बोलायला आलो आहे ते बीड जिल्ह्यातले शिरूर कासार, सिंदफणेच्या काठचे. दिवाळी सरली की आमच्याकडच्या गावांना एक वेगळीच शांतता येते. ऊसतोडीला निघालेल्या घरांच्या कड्यांना कुलपे पडतात. एखाद्या ओट्यावर म्हातारी माय नातवंडाला घेऊन बसलेली दिसते. एखाद्या घरी तेवढेही कोणी नसते. माणसे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जातात ती ऊन तापू लागल्यावर परततात. पाच-सहा महिने घर, घरातले किडूकमिडूक आणि घराण्याचे कागद एका कुलपाच्या भरवशावर.

असाच एक माझा जुना विद्यार्थी मध्यंतरी घरी आला. मुकादमाची उचल घेतली होती, निघायला चार दिवस उरले होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. तिजोरी घ्यावी म्हणतोय. कोणती घेऊ?" मी सहज बोलून गेलो, "अरे, तिजोरीत ठेवण्याएवढं आहे तरी काय तुझ्याकडे?" त्याने बोटांवर मोजले : बायकोची बोरमाळ, कानातली फुले, आईच्या दोन पाटल्या आणि पत्र्याच्या पेटीत कोंबलेले कागद. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, डाग गेले तर चार दिस रडू. पण कागद गेले तर लेकराला शाळेपासून शेतापर्यंत कुठंच उभं राहता यायचं नाही."

तिजोरीविषयी याहून शहाणपणाचे बोल मी ऐकलेले नाहीत. आज जे सांगणार आहे ते तिच्या या वाक्याभोवतीच फिरते आहे.

आधी थोडे मागे पाहू. आपल्या वाडवडिलांनी मोलाची वस्तू राखायच्या नाना युक्त्या काढल्या होत्या. भिंतीच्या पोटात बळद असे. अंगणात धान्याचे पेव असे. घरधनीण उतरंडीच्या तळच्या गाडग्यात चार रुपये दडवी. कोणी परसात हंडा पुरी. या सगळ्यांचे बळ एकच, ते म्हणजे गुपित. जोवर दुसऱ्याला ठाऊक नाही तोवर सुरक्षित. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक, या न्यायाने उतरंड आणि देव्हाऱ्यामागचा कोनाडा तो आधी पाहतो. शिवाय गुपिताला दुसरीही एक खोट आहे. सांगणारा अचानक गेला, तर हंडा जमिनीतच राहतो.

मग लोखंड आले. मुंबईत लालबागला अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे तिजोऱ्याही बनवल्या. त्यांचे नाव आपल्या भाषेत इतके मुरले, की आज खेड्यात कोणत्याही कारागिराने ठोकून दिलेल्या लोखंडी कपाटाला आपण "गोदरेजचं कपाट" म्हणतो. लग्नात मुलीला ते देतात, त्यात एक आतला कप्पा असतो, त्याला "लॉकर" म्हणतात. आणि झाली तिजोरी, असे समजून आपण निर्धास्त होतो.

लोखंडावरचा हा विश्वास किती महागात पडतो, ते मी लहानपणी पाहिले आहे. माझ्या आत्याबाईंच्या घरची ही गोष्ट. त्यांच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. मामांनी एक जुनी, भक्कम तिजोरी विकत आणली आणि माळवदाच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. किल्ली कुठे असते ते कोणालाच ठाऊक नव्हते. मामा एके रात्री छातीत कळ येऊन गेले. दिवस झाले, चारचौघे बसले, किल्ली सापडेना. अखेर लोहार आणून तिजोरी फोडली. आत्याबाईंचे दागिने जसेच्या तसे होते. पुसायचीसुद्धा गरज नव्हती. पण कागदांच्या जागी नुसती माती. खालचा पत्रा जमिनीच्या ओलीने गंजून चाळणी झाला होता आणि त्यातून वाळवी वर चढली होती. त्या कागदांत एक पावती होती. मामांनी एका सावकाराचे कर्ज पुरते फेडले होते, त्याची ती पावती. वर्षभरात सावकाराचा माणूस मूळ खत घेऊन दारात उभा राहिला. फेडल्याचा पुरावा आत्याबाईंपाशी नव्हता. त्यांनी पाटल्या आणि गोठ मोडून तेच कर्ज दुसऱ्यांदा फेडले.

म्हणजे पाहा, सोने वाचले, कागद गेला. आणि त्या कागदापायी वाचलेले सोनेही गेले. तिजोरी भक्कम होती, तिच्यात खोट नव्हती. पण ती चोरासाठी घेतलेली होती, आणि आला वाळवीचा किडा.

तात्पर्य काय, तर दुकानात जाण्याआधी घरी बसून दोन ढीग करावेत. एक धातूचा, एक कागदाचा. या दोघांचे शत्रू वेगळे आहेत. सोन्याला वाळवी लागत नाही, ओल लागत नाही. शुद्ध सोने वितळायला १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत "फोर्ट स्टिकिन" नावाच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या लगडीही होत्या. कापसाची राख झाली. पण काही लगडी पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढताना हाती लागल्या आणि त्या सोन्याच्याच होत्या. सोन्याचा वैरी एकच : चोर. कागदाला मात्र चोर सहसा हात लावत नाही. त्याचे वैरी आग, पाणी, ओल, उंदीर, वाळवी, आणि सर्वांत मोठा म्हणजे आपले विस्मरण.

आता आधी चोराचा विचार करू.

कोणतीही तिजोरी अभेद्य नसते, हे प्रथम मनाशी धरावे. पुरेसा वेळ आणि योग्य हत्यार मिळाले तर माणसाने केलेली वस्तू माणूस फोडतोच. मग पैसे खर्चून आपण घेतो काय? आपण वेळ विकत घेतो. घरफोडी करणाऱ्याला वेळ थोडा असतो आणि आवाजाचे भय असते. त्याला जी तिजोरी दहा मिनिटे अडवील, घण घालायला लावील, ती आपले काम करून गेली. या कसोटीवर कपाटातला लॉकर पाहा. कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. एक पहार घातली की तो पुठ्ठ्यासारखा उकलतो. साड्या ठेवायला ते उत्तम. पण त्याला तिजोरी म्हणू नये.

बाजारात आता लहान, देखण्या, आकड्यांची बटणे असलेल्या पेट्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळ दहा-पंधरा किलोंच्या असतात. श्रोते हो, दहा किलोंची तिजोरी चोराने जागेवर फोडायची गरजच काय? तो ती काखेत मारून नेतो आणि सवडीने शेतात बसून फोडतो. वर घरातल्या सगळ्या मोलाच्या वस्तू आपण त्याला एकाच पेटीत बांधून दिलेल्या असतात! म्हणून तिजोरी एक तर चार माणसांना न हलणारी हवी, नाही तर जमिनीत किंवा भिंतीत पक्की जखडलेली हवी. चांगल्या तिजोरीच्या तळाला आणि पाठीला बोल्टसाठी भोके ठेवलेली असतात. ती आहेत का, हे दुकानातच उलटी करून पाहावे.

जखडायची कशात, हा आपल्या घरांचा खरा प्रश्न आहे. मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. मातीवर अंथरलेल्या शहाबादी फरशीतही नाही. फरशी तडकते आणि बोल्ट हातात येतो. अशा घरात गवंड्याकडून कोपऱ्यात हातभर खड्डा खणून घ्यावा, गज घालून काँक्रीट भरावे, त्यातच बोल्ट रोवावेत आणि तो ओटा जमिनीपासून वीतदीड वीत वर उचलावा. या एका ओट्याने चोर, ओल आणि वाळवी या तिघांची वाट अवघड होते. तिजोरीपेक्षा ओट्याचा खर्च कमी येतो, पण त्याच्यावाचून तिजोरी अर्धीच राहते.

दगडमातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा माळ्यावर वजनदार तिजोरी मुळीच चढवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जाड दगडमातीच्या भिंतींनीच माणसे गाडली, हे मराठवाडा विसरलेला नाही. भिंतीवर नसता भार घालू नये.

दार पाहताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दार लावल्यावर चौकटीत शिरणारे दांडे किती आहेत आणि किती जाड आहेत. आणि बिजागरी बाहेरून कापली तरी दार निघत नाही ना. दुकानदाराला हे विचारायला संकोचू नये. तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. ५५० या क्रमांकाचे मानक आहे. आपण घेतो ती तिजोरी त्या मानकाला उतरलेली आहे का आणि कोणत्या दर्जाची, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. बैल घेताना आपण दात मोजतो. तिजोरी घेताना मात्र रंग पाहून भुलतो, हे बरे नव्हे.

आता आगीकडे वळू.

लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी पेटीतला कागदही जळणार नाही, असे आपण धरून चालतो. पण आपल्या रोजच्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आहे. तवा जळत नाही. त्याच्यावरची भाकरी मात्र भाजते, आणि दुर्लक्ष झाले तर करपते. घराला आग लागली की खोलीतली उष्णता आठशे-नऊशे अंशांवर जाऊ शकते. कागद त्याच्या कितीतरी आधी, दोनशेच्या आसपास, पिवळा पडून करपू लागतो. म्हणजे जाड पोलादाची, चोराला दाद न देणारी तिजोरी आगीत सापडली तर ती कागदांची भट्टी होते.

आगीसाठी केलेली तिजोरी वेगळी असते. तिच्या दोन पत्र्यांमध्ये काँक्रीटसारखे किंवा जिप्समसारखे मिश्रण भरलेले असते आणि त्या मिश्रणात पाणी बांधलेले असते. पळसाच्या द्रोणात पाणी घालून तो निखाऱ्यावर धरला, तर पाणी असेतो द्रोण जळत नाही, ही गंमत गुराखी पोरांना ठाऊक असते. तीच युक्ती येथे आहे. आग तापू लागली की मिश्रणातले पाणी वाफ होऊ लागते आणि उष्णता त्या कामात खर्च होते. तेवढा वेळ आतला भाग थंड राहतो. कागदासाठी केलेल्या तिजोरीची कसोटी अशी, की ठरलेल्या वेळेपर्यंत आतली उष्णता १७७ अंशांच्या वर जाता कामा नये. हा वेळ अर्धा तास, एक तास, दोन तास असा तिजोरीवर लिहिलेला असतो. आपल्या गावापर्यंत अग्निशामक बंब यायला किती वेळ लागेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. खेड्यासाठी एक तासाच्या खालची घेऊ नये, असे माझे मत आहे.

पण या तिजोरीच्याही खोडी आहेत. पहिली, तिचा बाहेरचा पत्रा पुष्कळदा पातळ असतो. आगीला ती पुरते, पहारीला पुरत नाही. दोन्ही गुण असलेल्या तिजोऱ्या मिळतात, पण त्या महाग आणि जड. दुसरी खोड, भरावातल्या पाण्यामुळे आत दमटपणा राहतो. म्हणून महिन्यातून एकदा ती उघडून कागदांना वारा द्यावा, आणि औषधांच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात तशा आत ठेवाव्यात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नयेत. आत उष्णता वाढली तर कागद न जळताही प्लॅस्टिक वितळून त्याला चिकटते. जुन्या पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर सुती रुमालात बांधलेले असे. तेच बासन आजही चांगले. आणि पेन ड्राइव्हसारख्या वस्तू मात्र कागदाच्या तिजोरीत ठेवून आगीतून वाचतील अशा भ्रमात राहू नये; त्यांना कागदाइतकीही उष्णता सोसत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. अशा तिजोरीच्या भिंती जाड असतात, म्हणून बाहेरून मोठी दिसली तरी आतून ती लहान असते. घरातला सर्वांत लांब मुद्रांकाचा कागद दुकानात बरोबर न्यावा आणि तो घडी न घालता आत मावतो का ते पाहावे. जुना कागद घडीवरच तुटतो, आणि नेमका शेताचा गट क्रमांक त्या घडीवर असतो!

पाण्याचे तर सांगायलाच नको. आमचा मुलूख दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बीड जिल्ह्यात नद्यांना पूर आले आणि घरांत पाणी शिरले. ज्यांच्या पेट्या जमिनीवर होत्या त्यांचे कागद भिजले. आगीची तिजोरी पाणी अडवतेच असे नाही. म्हणून नदीकाठच्या घरात मघा सांगितलेला ओटा वीतभर पुरत नाही. तो पुराच्या खुणेच्या वर न्यावा लागतो. तेवढा उंच करणे शक्य नसेल, तर मूळ कागद उंचावरच्या दुसऱ्या घरी, नात्यातल्या विश्वासू माणसाकडे ठेवणे हाच शहाणपणा.

आता कुलूप. किल्लीचे, फिरत्या आकड्यांचे, बटणांचे आणि बोटाच्या ठशाचे, असे चार प्रकार आपल्याला दिसतात. किल्लीच्या कुलपाला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे टिकते. एकच भय, किल्ली हरवण्याचे. बटणांचे कुलूप बॅटरीवर चालते. सहा महिने घर बंद राहिले आणि बॅटरी पाझरली, तर कुलूप बिघडते. म्हणून गावाला जाताना काय करायचे ते विक्रेत्याकडून समजून घ्यावे आणि बॅटरी बाहेरून बदलता येईल अशीच तिजोरी घ्यावी. कारखान्यातून येताना त्यावर एक ठरावीक आकडा लावलेला असतो, तो घरी आणल्या दिवशीच बदलावा. नवा आकडा जन्मतारखेचा किंवा मोटारसायकलच्या नंबराचा नसावा. ते साऱ्या गावाला पाठ असतात. अडचणीसाठी सोबत एक किल्ली येते. ती पुष्कळजण जपून तिजोरीतच ठेवतात! हसू नका, आपल्यातही असे असतील.

बोटाच्या ठशाचे कुलूप नवे आणि आकर्षक आहे. पण कोयता धरून, माती कालवून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा रास्त भावाच्या दुकानातल्या यंत्रावरही कधीकधी उमटत नाही. जे कुलूप कष्टाचा हात ओळखत नाही ते आपल्या कामाचे नाही. साधी, चांगल्या घडणीची किल्ली मला आपल्या घरांसाठी अधिक पटते.

तिजोरी आणताना मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ध्यानात ठेवावी. बाजाराच्या दिवशी, ट्रॅक्टरवर उघडी ठेवून, चौकातून मिरवत आणू नये. आत सतरंजी आणि धान्य असले तरी गावात बोलबाला लाखाचा होतो.

येथे कोणी विचारील, "मग रोकड ठेवायची का नाही?" याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यात २०२३-२४ च्या सुमारास काही मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आल्या आणि कष्टकऱ्यांच्या ठेवी अडकल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. तसे लोक आता पैसा घरीच ठेवू म्हणतात. त्यांचे दुःख खरे आहे. पण घरची रोकड हाही कागदच, हे विसरू नये. तिला वाळवी लागते, ती जळते, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डब्यातल्या डब्यात तिचे काय झाले ते आपल्या मायबहिणींनी अनुभवले आहे. येथे एक भेद समजून घ्यावा. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. २०२० सालापासून ते प्रत्येक बँकेत दरडोई पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दारावरच्या पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा ती संस्था बँक आहे की पतसंस्था, हे विचारावे. घरात महिन्या-पंधरवड्याच्या गरजेपुरती रोकड पुरे.

दागिन्यांसाठी बँकेचा लॉकर मिळत असेल तर तो बरा. रिझर्व्ह बँकेचे लॉकरविषयीचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकी धरली आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आत दहा लाखांचे सोने असले तरी तेवढेच. आणि भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक संकटात तेही नाही. हे ठाऊक असून लॉकर घ्यावा, आणि नामनिर्देशित व्यक्ती म्हणून कोणाचे तरी नाव नोंदवून ठेवावे.

अखेरीस कागदांकडे येतो. सगळे कागद सारख्या मोलाचे नसतात. काही पुन्हा मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला आहे. नोंदणी केलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळते. आधार पुन्हा काढता येते. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये कित्येक दाखले ठेवता येतात. हे गेले तर हेलपाटे पडतील, पण हात रिकामे राहणार नाहीत.

जे पुन्हा मिळत नाहीत त्यांची जागा तिजोरीत पहिली. कर्ज फेडल्याच्या पावत्या, नोंदणी न झालेले वाटणीपत्र, मृत्युपत्र, आजोबा-पणजोबांचे जुने मोडी किंवा उर्दू कागद. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळचे कारभाराचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत. वाचता येत नाही म्हणून ते अनेकांनी चुलीत घातले. पुढे २०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा घरोघरी माळे आणि पेट्या धुंडाळणे सुरू झाले. त्या प्रश्नाच्या खोलात आज आपल्याला शिरायचे नाही. एवढेच सांगायचे, की कोणता कागद कधी बोलू लागेल हे सांगता येत नाही. आपल्याला वाचता आला नाही तरी तो फेकू नये. आणि सावकाराकडून पावती घेणे हा तर आपला हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने ती देणे त्याच्यावर बंधनकारक केले आहे.

शिक्षक मित्रांना येथे एक विनंती आहे. शनिवारच्या शाळेत एखादा तास यासाठी द्यावा. मुलांना घरून कागदांची यादी करून आणायला सांगावे. मूळ कागद मात्र शाळेत आणायला लावू नयेत. कागदाचे नाव, क्रमांक, तारीख आणि तो कोणत्या कचेरीतून मिळाला, एवढे चार रकाने. ज्या घरात आईबाप अक्षरशत्रू आहेत, त्या घरात ती यादी म्हणजे पहिली तिजोरी होईल.

आता त्या माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले ते सांगून थांबतो. त्या चार दिवसांत तिजोरी आणणे आणि ओटा बांधणे होणार नव्हते. त्याने बिनपैशाची कामे आधी केली. नवराबायकोने पेटी उपसली. फोनवर प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेतले आणि एक संच बहिणीकडे पाठवला. दागिने बायकोच्या माहेरी, भावाच्या बँकेतल्या लॉकरात, वजन लिहून ठेवून दिले. मूळ कागद सुती कापडात बांधून माझ्या घरी ठेवले. आणि जाण्याच्या आदल्या रात्री आईला समोर बसवून सांगितले : काय कुठे आहे, कोणाला विचारायचे. म्हातारी म्हणाली म्हणे, "चाळीस वरसं झाली या घरात येऊन, आज पहिल्यांदा मला कुनी हे सांगितलं."

हंगाम संपवून तो परतला, तेव्हा त्याने गवंडी बोलावून कोपऱ्यात ओटा घातला आणि आगीला एक तास टिकणारी मध्यम तिजोरी त्यावर जखडली. तिची एक किल्ली त्याच्या बायकोकडे असते, दुसरी आईकडे. त्याच्याकडे नसते. "फडावर हरवली तर काय करू, सर?" असे तो मला म्हणाला.

माझ्या आत्याबाईंच्या घरी किल्ली एकाच्याच कमरेला होती. हा फरक मला फार मोठा वाटतो.

तेव्हा श्रोते हो, तिजोरी घ्यायची तर जरूर घ्या. पण त्याआधी आज रात्री जेवणे झाली की घरातली ती जुनी पेटी मधोमध आणा, घरातल्या बायामाणसांना आणि थोरल्या मुलांना भोवती बसवा, आणि एकेक कागद हाती घेऊन तो कशाचा आहे ते सांगा. त्यातला एखादा तुम्हालाही सांगता येणार नाही. तोच आधी बाजूला काढा आणि उद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.